एकवीस झाकणं

"मुलं एकवीस, टोप्या एकवीस, बाटल्या एकवीस, डबे एकवीस, झाकणं एकवीस," बद्रुद्दीनचाचांनी वहीत लिहिलं आणि खाली पट्टीने मारावी तशी सरळ रेघ मारली.

बालवाडीच्या फाटकाशी मिनीबस उभी होती. पायरीवर उभी राहून मुलांना वर चढवणाऱ्या नीताने वहीत डोकावून पाहिलं.

"चाचा, झाकण वेगळं कशाला लिहिता? डबा म्हटला की त्यात झाकण आलंच."

"नाही टीचर. डबा वेगळा नग, झाकण वेगळा नग. येताना दोघं सोबत येतात. जाताना सोबत जातील याची गॅरंटी कोण देणार?"

ज्या माणसाने कुवेतमधल्या एका गोदामात अठ्ठावीस वर्षं स्टोअरकीपरची खुर्ची सांभाळली आणि एक स्क्रू कमी पडू दिला नाही, त्याच्याशी झाकणावरून वाद घालण्यात अर्थ नव्हता. शिवाय वाद घालणं नीताला आज परवडणारंही नव्हतं. तिच्या साऱ्या शनिवारांची किल्ली त्या वहीत होती.

त्याचं असं झालं होतं. पावसाळा सरला की मुलांना दर शनिवारी पनवेलजवळच्या नेऱ्याच्या बाजूच्या डोंगरात न्यायचं, दिवाळीपासून होळीपर्यंत, असं नीताच्या मनात होतं. पालक समितीचे अध्यक्ष शैलेश यांना ते पटलं नव्हतं. "पाच वर्षांची पोरं आहेत. साप आहेत, विंचू आहेत, ऊन आहे. त्यापेक्षा वर्गातच एक नेचर कॉर्नर करू. चार कृत्रिम झाडं आणू, स्पीकरवर पक्ष्यांचे आवाज लावू." निम्मे पालक त्यांच्या बाजूने झाले, निम्मे नीताच्या. शेवटी तडजोड निघाली. एकच फेरी न्यायची, बरोबर एक निःपक्ष निरीक्षक जाईल, तो सोमवारी अहवाल देईल. एक जरी तक्रार आली तरी शनिवार कायमचे बंद.

निःपक्ष कोण, यावर मात्र एका मिनिटात एकमत झालं. सायमाचे आजोबा बद्रुद्दीनचाचा. ते कुणाच्याच बाजूचे नव्हते, कारण ते कुणावरच खूश नसत. नीताच्या बेतावरही नव्हते. "झाडं बघायला बस कशाला लागते? मोहल्ल्यात दोन आहेत," असं त्यांनी घरी सुनेला, अस्माला, बोलूनही दाखवलं होतं.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाल्याचा तो पहिला शनिवार. नेरं मागे टाकून बस एका वडाखाली थांबली. ड्रायव्हर काळूरामने आरशातूनच बजावलं, "टीचर, साडेअकराला निघायचं. एक वाजता मला तलोज्याच्या कंपनीची शिफ्ट सोडायची हाय. मागं-फुडं चालनार नाय."

खाली उतरल्यावर चाचांनी मुलं पुन्हा मोजली. मग वर पाहिलं आणि क्षणभर पेन हातातच राहिलं. पाऊस जाऊन तीन-चार आठवडे झाले होते. प्रबळगड इतका स्वच्छ दिसत होता, की कुणी रात्री धुऊन सकाळी वाळत घातला असावा. कमरेएवढं गवत शेंड्यांकडून पिवळं पडू लागलं होतं, त्यात कुर्डूचे गुलाबी तुरे, आणि दवाने मुलांचे बूट दहा पावलांत भिजले. चाचांनी लिहिलं : 'बूट ओले. बेचाळीस.'

नीताने मुलांना दोन नियम सांगितले. जे निसर्गाचं आहे ते डोळ्यांनी बघायचं, हाताने नाही. आणि माणसाने टाकलेला कचरा दिसला तर उचलून पोत्यात टाकायचा. पोती तिने घडी करून आणली होती, तीन.

थोडं चढून गेल्यावर दोन झुडपांच्या मधोमध तळहाताएवढा काळा-पिवळा कोळी जाळ्यात उलटा लटकलेला दिसला. चाचा मनात म्हणाले, आता रडारड होणार, वेळ लिहून ठेवावी. पण नीता ओरडली नाही, मुलांना मागेही ओढलं नाही. ती नुसती मांडी घालून गवतात बसली. तशी एकवीसही मुलं बसली.

"ही बाई आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "आणि नवरा तो बघा, वरच्या कोपऱ्यात. तांदळाच्या दाण्याएवढा."

"तो काय काम करतो?" इराने विचारलं. इरा म्हणजे अध्यक्षांची कन्या.

"काही नाही. तिथेच बसतो."

"माझ्या बाबांसारखा," इरा म्हणाली. "वर्क फ्रॉम होम."

हे अहवालात घ्यावं की नाही, यावर चाचांनी विचार केला आणि जागा कोरी सोडली. पण दुसरी एक नोंद त्यांनी घड्याळ दोनदा तपासून केली. 'सायमा. कोळी. अकरा मिनिटं. हालली नाही.' ही तीच मुलगी, जी घरी वरणभाताच्या दोन घासांमध्ये तीनदा जिना उतरून यायची. चाचांनी चष्मा काढून पुसला. मग नीताकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं, गोदामात एखादा नवा हमाल पहिल्याच दिवशी बरोबर थप्पी लावतो तेव्हा पाहावं तसं.

ओढ्याकाठी सहलवाल्यांनी सोडलेला ऐवज पडला होता. वेफरची पाकिटं, प्लेटा, बाटल्या. मुलं त्यावर तुटून पडली. तेवढ्यात एकाचा पाय ताज्या शेणात घोट्यापर्यंत गेला, आणि नीता त्याला धुवायला ओढ्यात घेऊन गेली. "चाचा, दहा-पंधरा मिनिटं बघाल ना यांच्याकडे?"

"बेफिकीर राहा," चाचा म्हणाले.

सगळं बिघडलं ते या पंधरा मिनिटांत. टीचरचा नियम चांगला होता, पण गोदामाच्या दृष्टीने ढिला. निसर्गाचं काय आणि माणसाचं काय हे दर नगाला ठरवत बसलं तर दिवस जातो. चाचांनी तो सुटसुटीत केला. "बच्चेलोग, ऐका. चमकेल ते पोत्यात."

ओढ्यापलीकडे बांध होता आणि बांधापलीकडे भाताचं एक शेत. आजूबाजूची सगळी शेतं कापून मोकळी झाली होती, हे एकटंच पिवळंधमक उभं होतं. त्याच्या चारी अंगांना काठ्या रोवल्या होत्या. काठीपासून काठीपर्यंत एका बाजूने लाल आणि एका बाजूने चंदेरी अशी प्लास्टिकची पट्टी ताणून बांधलेली, ती वाऱ्यावर थरथरत होती. मध्येच जुन्या सीड्या लोंबत होत्या, काही काठ्यांवर रिकाम्या बाटल्या उलट्या खोचल्या होत्या.

"चाचा, इथे बर्थडे होता," इरा म्हणाली.

चाचांनाही दुसरं काही सुचलं नाही. नेऱ्याकडे फार्महाउसं कमी नाहीत. मुंबईची मंडळी येतात, सजावट करतात, केक खातात आणि जाताना एक फीत उतरवून नेत नाहीत. त्यांना मनस्वी चीड आली. "चमकतंय ना?" ते म्हणाले. "मग बघताय काय?"

वीस मुलांनी पंधरा मिनिटांत जे काम केलं, ते पाहून चाचांचं ऊर भरून आलं. कुणी पट्टी गुंडाळत होतं, कुणी बाटल्या उपटत होतं, सायमाने तेरा सीड्या आणून पायाशी रचल्या. भाताच्या एका रोपावर कुणी पाय दिला नाही, कारण ते निसर्गाचं होतं. काठ्याही जागच्या जागी राहिल्या, कारण त्या चमकत नव्हत्या. कुवेतमध्ये त्यांना असे मदतनीस एकदाही मिळाले नव्हते. तिसऱ्या पोत्याचं तोंड बांधून ते नोंद करत असताना नीता आली. तिने पोत्यांकडे पाहिलं, शेताकडे पाहिलं, परत पोत्यांकडे पाहिलं.

"चाचा, हे कुठून काढलंत?"

"शेतातून. बर्थडेचं होतं."

नीताने रिकाम्या काठ्यांकडे बोट दाखवलं. "चाचा, बर्थडे नाही हो. ते पाखरं घाबरवायला लावतात."

तिचं वाक्य पुरतं संपायच्या आत पहिला राघू आला. एका काठीवर बसून त्याने मान तिरकी केली, लग्नाच्या पंगतीत बाकीच्यांनी सुरुवात केली का ते बघतात तशी. मग खाली उतरून त्याने एक आख्खी लोंबी कापली आणि घेऊन गेला. त्याच्या मागून चाळीस आले. त्यांच्या मागून इवलाली तपकिरी पाखरं, मूठ मूठ फेकावीत तशी, भातात पडली.

पलीकडच्या खोपटातून काष्टा घातलेली, हातात विळा घेतलेली एक म्हातारी धावत बांधावर आली. ही ठमाबाई. शेत तिचं.

"कोनी काडलं?" तिने विचारलं.

एकवीस बोटं एकाच वेळी चाचांकडे वळली. ज्याचे पाय धुवायला नेले होते त्याचंही. समृद्धी नावाच्या मुलीने कारणही सांगितलं, "चमकेल ते पोत्यात."

"आजूबाजूच्यांचं समदं कापून झालं," ठमाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्त लागत होता. "माजं गरवं भात, उशिरा पिकनारं. कापनीला मानसं शुक्रवारी येनार. आख्ख्या डोंगराची पाखरं माज्या एकलीच्या रानावर डोला ठेवून हायेत, आन तुमी हितं साफसफाई करताव."

चाचांनी वही मिटली. "चूक माझी आहे, बाई. टीचरची नाही, मुलांची नाही. तुम्हाला लिहून देतो."

"लिवून दिलेलं राघू वाचनार हायेत का?"

चाचांनी पोती उलटी केली, तर पट्टी, सीड्या, बाटल्या, वेफरची पाकिटं आणि सरबताचे चिकट डबे यांचा पोत्याएवढा एकच गोळा बाहेर आला. ते त्याचं टोक शोधत बसले. पण नीता बसली नाही. तिने मुलांना बांधावर हातभर अंतराने उभं केलं आणि म्हणाली, "आता सगळ्यांनी ओरडायचं. जेवढं येतं तेवढं."

आठवड्याचे पाच दिवस 'हळू बोला' ऐकणाऱ्या मुलांना हे आधी खरंच वाटलं नाही. त्यांनी टीचरकडे पाहिलं. टीचरने स्वतःच पहिली आरोळी ठोकली. मग जो आवाज उठला त्याने ओढ्यापलीकडच्या म्हशींनीसुद्धा माना वर केल्या. सायमाचा गळा केवढा आहे हे घरच्यांना ठाऊक होतंच, आता डोंगरालाही कळलं. पाखरं भर्रकन उठली, गोल फिरली, आणि आवाज जरा बसला की पुन्हा उतरली. असं वीस मिनिटं चाललं. पोरं लालबुंद झाली, पण एकाने जागा सोडली नाही. ठमाबाई विळा खाली ठेवून बघत राहिली.

"पोरं कामाची हायेत तुजी," ती नीताला म्हणाली. "म्हातारा सोडून."

घसे बसल्यावर नीताने अर्ध्या मुलांना डबे खायला बसवलं, अर्ध्यांना राखणीवर ठेवलं. स्टीलच्या डब्यांत दिवाळीचा शिल्लक फराळ होता. इराने आपली एक चकली ठमाबाईला दिली. सायमाने डबा उघडला, झाकण मांडीवर ठेवलं, आणि त्यावरून उन्हाची एक लखलखीत तिरीप शेतावर सरपटत गेली. जिथे ती पडली तिथले राघू दचकून उठले. सायमाने खाणं थांबवलं. तिने झाकण जरासं फिरवलं. तिरीप फिरली, थवाही फिरला. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं.

ठमाबाईने चकली अर्धी तोंडात, अर्धी हातात अशी थांबवली. "चाचा, सोड तो गुंता. तुज्या नातीनं काय केलंय बग."

पुढचं काम चाचांच्या हातचं होतं. ठमाबाईने सुतळी आणली. झाकणाला भोक नाही, कडी नाही, ते टांगायचं कसं हा प्रश्न दुसऱ्या कुणाला पडला असता. चाचांनी प्रत्येक झाकणाला पार्सलसारखी आडवी-उभी सुतळी घातली आणि वर दुहेरी फासाची गाठ मारली. ही गाठ कुवेतमध्ये त्यांना एका मलबारी पॅकरने शिकवली होती. उलटं करा, हापटा, सुटत नाही. मुलं रांगेने झाकणं आणून देत होती, नीता काठीवर अडकवत होती. प्रत्येक झाकण बांधताना चाचा ते चष्म्यापाशी नेऊन न्याहाळत आणि वहीत काहीतरी टिपत. एकविसावं लागलं तेव्हा वारा सुटला. सगळं शेत एकदम लखलखलं आणि किणकिणलं. राघूंनी करंजाच्या झाडावर बसून थोडा वेळ मीटिंग घेतली आणि दुसऱ्या डोंगराकडे निघून गेले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. चाचांनी वाजवल्या नाहीत, पण त्यांची टोपी थोडी मागे सरकली होती.

तेवढ्यात वडाखालून हॉर्न वाजला. साडेअकरा.

नीताने झाकणांकडे पाहिलं. ठमाबाईनेही पाहिलं.

"राहू देत," चाचा म्हणाले. "कापणीपर्यंत."

"चाचा, घरोघरी डबे उघडे जातील. एक जरी तक्रार आली तर..." नीता म्हणाली.

"मला माहीत आहे, टीचर."

ठमाबाईने पळसाची पानं तोडून आणली. एकेका डब्याच्या तोंडावर पान घालून तिने वरून सुतळी आवळली. बसमध्ये चढताना चाचांनी लिहिलं : 'डबे एकवीस. झाकणं शून्य. पानं एकवीस.'

"अब्बा, झाकण कुठंय?" घरी पोहोचल्याबरोबर अस्माने विचारलं.

"साइटवर."

पालकांच्या ग्रुपवर संध्याकाळपर्यंत पळसाचं पान बांधलेल्या डब्यांचे सतरा फोटो येऊन पडले. बाकीच्या चौघांनी नुसतंच प्रश्नचिन्ह टाकलं.

सोमवारी सभा भरली. नीता मागच्या बाकावर बसली होती. दोन रात्री झोप लागली नसावी असा तिचा चेहरा होता. चाचा उभे राहिले आणि वाचू लागले.

"गेली मुलं एकवीस, आली एकवीस. पडली तीन, उठली तीन. रडला एक, तोही परत आल्यावर, बसमधून उतरायचं नाही म्हणून. साप शून्य. विंचू शून्य. कोळी एक, बाई. मुलं अकरा मिनिटं गप्प बसू शकतात आणि वीस मिनिटं न थांबता ओरडू शकतात, दोन्ही टीचरने सांगितलं म्हणून. घरी कुणी करून दाखवावं. चूक एक. ती खाली सही करणाऱ्याची. टीचरने आणि मुलांनी ती निस्तरली." त्यांनी कागद खाली ठेवला. "मी अठ्ठावीस वर्षं माणसं हाताखाली घेतली. अशी बाई मला मिळाली असती तर मी दर जुम्म्याला वेळेवर घरी गेलो असतो."

शैलेश खाकरले. "चाचा, रिपोर्ट छान आहे. पण ठरलं काय होतं? एक जरी तक्रार आली तर शनिवार बंद. इथे झाकणांच्या एकवीस आहेत."

"बंद करा," चाचा म्हणाले. नीताने मान खाली घातली. "माझी हरकत नाही. फक्त माल बाहेर असताना खातं बंद होत नाही. आधी झाकणं आणावी लागतील."

"त्यात काय? काळूराम जाऊन घेऊन येईल."

"कुठलं झाकण कुठल्या डब्याचं, ते काळूराम सांगणार?"

"भांड्यांवर नावं घातलेली असतात की."

चाचांनी वहीचं पान उलटलं. "नऊ झाकणांवर नावच नाही. आठांवर आहेर देणाऱ्यांची नावं आहेत. तीनांवर गृहप्रवेश. आणि एकावर 'कै. गंगाबाई यांच्या स्मरणार्थ'. ते तुमच्या इराचं." सभेत खसखस पिकली. "या वर्गातल्या एकाही मुलाचं नाव एकाही झाकणावर नाही. डबा कुणाचा ते आईला कळतं, साहेब. झाकण कुणाचं ते ज्याने रोज उघडलंय त्यालाच कळतं. एकवीसच्या एकवीस घेऊन जावी लागतील."

"माझं झाकण मला हवंच बाई," समृद्धीची आई मनिषा म्हणाली. "माहेरच्या सेटमधलं आहे. दुसरं बसत नाही त्यावर."

आणखी पाच-सहा सेट निघाले. शैलेशनी हात वर केले. "ठीक आहे. येत्या शनिवारी जाऊन या. पण ती शेवटची."

"माल पूर्ण मिळाला की शेवटची," चाचा म्हणाले, आणि तसंच लिहून त्यावर अध्यक्षांची सही घेतली.

शनिवारी शेत कापून झालं होतं. ठमाबाईने झाकणं राखेने घासून बांधावर मांडून ठेवली होती आणि प्रत्येकात एक एक लोंबी ठेवली होती. दाणा फारसा गेला नाही, असं तिने नीताला दोनदा सांगितलं. मुलांनी आपापलं झाकण ओळखलं. इराने पोच्यावरून, समृद्धीने लसणीच्या वासावरून.

"आता वाल पेरनार," ठमाबाई म्हणाली. "पौषात शेंगा धरल्या की मडक्यात भाजून पोपटी लावू. पोरांना घेऊन या. म्हाताऱ्यालापन आना."

नीता नुसती हसली. येणं तिच्या हातात नव्हतं.

चाचा बसच्या दारात उभे राहून मोजत होते. "अठरा. एकोणीस. वीस." ते थांबले. पुन्हा मोजले. "वीस."

मुलांनी बांध पालथा घातला. झाकण मिळालं नाही. कमी होतं ते सायमाचं. तिच्या डब्यावर मात्र आधीच एक ताजं पळसाचं पान बांधून तयार होतं, आणि ती टोपीत तोंड घालून हसत होती.

नीताने मागे वळून पाहिलं. करंजाच्या झाडात काहीतरी लकाकलं. ती दहा पावलं चालत गेली. वरच्या फांदीला, मुलांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर, एक झाकण टांगलेलं होतं. आडवी-उभी सुतळी आणि वर दुहेरी फास. ती गाठ आख्ख्या पनवेलात एकाच माणसाला येत होती.

ती परत बसपाशी आली. "चाचा, अठ्ठावीस वर्षांत एक नग कमी पडला नाही म्हणत होतात."

"आजही पडलेला नाही," चाचा म्हणाले आणि वही तिच्यापुढे धरली.

'झाकण, नग एक. येणे बाकी. शोधासाठी दर शनिवारी फेरी. अध्यक्षांची मागील सही पाहावी.'

नीताने ते दोनदा वाचलं. मग काळूरामच्या हॉर्नकडे लक्ष न देता ती पुन्हा करंजापाशी गेली आणि एक पानांची फांदी ओढून झाकणापुढे आणली. फारच चमकत होतं. कुणीतरी पोत्यात टाकलं असतं.